टमाट्याच्या वॉलला कुलूप

३ नोव्हेंबर

लागवड संपली एकदाची. एक एकर. कंबर धरली आहे, बसता येत नाही, उठता येत नाही. सुरमाबाई, तिच्या धूलकोटकडच्या चार बाया आणि मी. घरचं कुणी फिरकलं नाही. हे केळीच्या गाड्यांमागे, मोठे भाऊजी केळीत, नाना ओट्यावर.

परवा जेवताना नाना सगळ्यांदेखत बोलले, "एक पीक देतो तुले. जमलं तर तो एकर तुझा, काय लावायचं ते तूच ठरव. नाही जमलं तर मृगात तिथं केळी, आन् मंग पुन्हा तोंड उघडायचं नाही." सतरा वर्षांत या घरात सासऱ्यांनी मला दिलेली पहिली गोष्ट. आत चुलीपाशी जाऊन रडून घेतलं.

मोठे भाऊजी मिशीत हसले. आणि ह्यांना म्हणाले, "कॉलनीवाल्यांना सांग, टमाटे म्हणजे गॅलरीतली कुंडी नव्हे." मी समोर बसलेली! पण आमच्याकडे जेठ आणि धाकट्याची बायको समोरासमोर बोलत नाहीत. मधे कुणीतरी लागतं. कुणी नसलं तर ते म्हशीला सांगतात आणि मी ऐकायचं.

हो, आहे मी कॉलनीतली. बाबांनी कागदाच्या मिलमध्ये तीस वर्षं दर तासाला मीटर बघून वहीत आकडे मांडले. त्यात लाज कसली? ही वहीसुद्धा त्यांनीच दिली. रोज लिहीन. पाणी किती, खत किती, आणि कुणी काय केलं तेही.

६ नोव्हें.

सकाळी वाफ्यात पाय ठेवला तर घोट्यापर्यंत आत. चिखल! नुसता चिखल!

ठिबकची मोटर ऑटोवर असते. लाइट आली की आपोआप सुरू, केळीच्या आणि टमाट्याच्या पाइपांना वेगळे वॉल, जो उघडा असेल तिकडे पाणी. केळीचा वॉल अडीच तास चालतो. मोठ्या भाऊजींनी जाता जाता माझाही उघडून ठेवला. अडीच तास. चार बोटांच्या रोपांना.

ह्यांच्यामार्फत विचारलं. उत्तर आलं, "पाणीच दिलं, जहर नाही दिलं."

इथून पुढे मो.भा. एवढंच लिहीन. पूर्ण लिहून वाया घालवायला माझ्याकडे शाई नाही.

९ नोव्हें.

बत्तीस रोपं बुडापासून सडली. मोजली. रिकाम्या जागा सांधायला नवी रोपं मागवली. मो.भा.ना त्याचं काही नाही. केळीच्या माणसाला पाणी जास्त होतं हे ठाऊकच नसतं. केळ पितच राहते, हे देतच राहतात.

वॉलला पत्रा बांधला. खडूने लिहिलं: हात लावू नये.

पा. २० मि. खत नाही.

१४ नोव्हें.

आज तर कहर. दुपारी दीडला शेतावर गेले तर पाणी चालू. पत्रा खाली पडलेला, मो.भा. बांधावर उभे. सुरमाबाईला म्हणतात, "तुझ्या बाईले सांग, लेकरं मान टाकून पडली होती. आपल्यानं पाह्यल्या नाही गेलं."

अरे देवा! दुपारच्या उन्हात टमाटे पान सोडतातच. चारला उन्हं कलली की पुन्हा ताठ. मी रोज बघते आहे. मुळाशी ओल आहे, वाफसा आहे, काही तहानबिहान नाही. मी पण सुरमाबाईला म्हटलं, "त्यांना सांग, दुपारी मी पण मान टाकते, मला कोण पाणी आणून देतं?"

बाया पदर तोंडात घालून हसल्या. मो.भा. पाय आपटत गेले. संध्याकाळी ह्यांनी मलाच ऐकवलं, "दादा मायेनंच करतो गं. तू पण ना."

माया! त्यांच्या मायेने माझी रोपं कुजायला लागलीत.

२१ नोव्हें.

युरिया. माझ्या टाकीत युरिया! मी बँकेच्या कामाला बुऱ्हाणपूरला गेले होते, परत आले तर खताच्या टाकीपाशी रिकामी गोणी. केळीचा डोस चालू होता, उरलेला "वाया कशाला" म्हणून माझ्याकडे सोडला. मला न विचारता!

रोपं काल चांगली होती. आता बघा पंधरा दिवसांनी, नुसता पाला होईल. फूल दिसायचं नाही.

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. जेवले नाही. ह्यांनी दोनदा "जेव" म्हटलं, तिसऱ्यांदा नाही म्हटलं. त्याचाही राग आला.

१ डिसेंबर

म्हटलं होतं ना. हिरवीगार, काळपट, पानं कुरळी झालेली, गुडघ्याएवढी झुडपं. फुलं? एकेका झाडावर दोन. तीही गळताहेत.

आणि गंमत ऐका. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण थांबतो. "वा! काय काळोखी धरली भाऊ टमाट्याने!" डोळ्याला केळीची सवय झालीय, हिरवं दिसलं की झालं. आणि मो.भा. बांधावर उभं राहून ती शाबासकी घेतात! घेतात! "थोडा डोस दिला मी," म्हणतात.

मी वाफ्यात बसून पाला खुडत होते. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही.

५ डिसें.

लावलं. कुलूप लावलं. वॉलच्या दांड्यातून साखळी फिरवली, पाइपाला वेढा दिला, वर कुलूप. खताच्या टाकीच्या झाकणालाही एक. चाव्या माझ्या कंबरेला.

घरात भूकंप. जाऊबाई भाकरी थापता थापता थांबल्या. हे म्हणाले, "घरातल्या घरात कुलूप? लोक काय म्हणतील?" म्हटलं, लोकांनी काळोखीची तारीफ केली, आता कुलपाची करू दे. नानांनी चहा घेतला, बशी खाली ठेवली, उठून गेले. नानांचं काही कळत नाही कधी.

मो.भा. म्हशीला म्हणाले, "आजपासून त्या शिवारात पाय ठेवणार नाही." म्हैस काही बोलली नाही. मीही नाही.

पा. २५ मि. खत बंद. आठ दिवस बंदच ठेवणार.

१३ डिसें.

फुलं! पिवळी पिवळी, घोसच्या घोस. युरियाचा जोर ओसरला. मधमाश्या लागल्यात. सुरमाबाई म्हणाली, "अब लग रहा है टमाटर का खेत."

मो.भा. खरंच फिरकले नाहीत. बांधावरून जातात, मान केळीकडे. टमाट्याची चटणी केली तर ताटात घेतली नाही, भाकरीबरोबर नुसतं तेल-तिखट. घेऊ नका. माझं काय जातं?

छान वाटतंय. वहीत हे लिहायला विसरू नये म्हणून लिहिते. छान वाटतंय.

१८ डिसें.

बाबांचं डोळ्याचं ऑपरेशन. माहेरी आले कॉलनीत. दोन दिवसांचं काम. निघायच्या आधी तासभर पाणी दिलं, वाफ्यांवर मल्चिंगचा कागद आहे, दोन दिवस ओल सहज राहील. फळं वाटाण्याएवढी झालीत.

चावी आणली बरोबर. हे म्हणाले, देऊन जा. कुणाला देऊ? ह्यांना दिली म्हणजे मो.भा.ना दिली.

२१ डिसें.

बाबांच्या डोळ्याला सूज. डॉक्टर म्हणाले, थांबा. थांबले.

२२ डिसें.

सकाळी फोन आला, नंबर अनोळखी वाटला, उचलला. "मी बोलतोय." ओळखलाच नाही आवाज. सतरा वर्षांत मो.भा. माझ्याशी थेट एक शब्द बोलले नव्हते. माझ्या पूजाच्या बारशालासुद्धा नाही.

"टमाटे सुकून राह्यले. चावी कुठे?"

मला राग आला. पुन्हा तेच! म्हटलं, "दुपारी मान टाकतातच ते. तुम्हाला किती वेळा सांगायचं?"

म्हणाले, "दुपार नाही. सकाळचे आठ वाजलेत."

फोन ठेवून दिला मी. सकाळी आठला कशी मान टाकतील? खोटं. चावी काढून घ्यायचा डाव आहे सगळा. ह्यांना फोन लावला, हे दिल्लीच्या गाड्या भरण्यात, म्हणाले, "मला तुमच्या मधे घेऊ नका." निरोप पोचवण्यापलीकडे हे कधी मधे पडलेच कुठे?

२४ डिसें.

आज घरी पोचले. आधी शेत.

खोटं नव्हतं. पुढच्या ओळी वाळून दोरीसारख्या लोंबताहेत. माती हातात घेतली तर भुगा. सहा दिवस झाले की, दोन म्हणता म्हणता. कुलूप उघडताना चावी लागेना, इतकी घाई.

पाणी सोडलं. अडीच तास सोडलं. बंद करायला हात होईना. तहानलेल्या झाडाला काय घड्याळ लावून द्यायचं?

मो.भा. केळीच्या टोकाला उभे होते. बघत होते. बघा!

३ जानेवारी

फळं बुडाशी काळी. हिरवं, टणक, लिंबाएवढं फळ, वरून चकचकीत, उलटं केलं की खाली चामड्यासारखा काळा डाग. एक नाही, दोन नाही. मधल्या सहा ओळींत जवळजवळ प्रत्येक घोसात.

सुरमाबाईला विचारलं, कुणी आलं होतं का मी नसताना? ती म्हणाली, "मैं तो नहीं थी बाई, छुट्टी थी."

झालं. मला काय समजायचं ते समजलं.

४ जाने.

बोलले. सगळ्या बायांदेखत, तोंडावर, मधे कुणी नाही. फोनवर त्यांनी सुरुवात केली, आता मला कशाची लाज? म्हटलं, "काय फवारलंत माझ्या टमाट्यावर? नानांचा एकर जातोय म्हणून पोटात दुखतंय ना तुमच्या?"

ते वाकून केळीच्या बुडाशी फुटलेली पिलं कापत होते. विळा खाली ठेवला. "पूजाची आई," म्हणाले, "एक महिना झाला, मी त्या बांधाच्या आत आलो नाही."

"मग काय आपोआप काळी झाली?"

"मले काय माहीत? मले टमाट्यातलं काय समजते? तूच म्हणते ना."

विळा उचलून पुन्हा कापायला लागले. इतकं शांत! त्या शांतपणाचाच जास्त संताप आला.

५ जाने.

बुऱ्हाणपूरला बुधवाऱ्यात खताच्या दुकानात फळ दाखवलं. दुकानदाराने चाकूने कापलं, म्हणाला, "कॅल्शियम की कमी है भाभी. पानी बराबर देते हो ना? कभी सूखा, कभी गीला, ऐसा तो नहीं?"

"बराबर देते हैं," म्हटलं मी. आणि मग त्याला सगळी जेठाची कहाणी सांगितली, अर्धा तास. बिचारा हो हो करत होता. गिऱ्हाईकं खोळंबली.

कॅल्शियम नायट्रेटची गोणी घेतली. मागे आणलेलं बारा-एकसष्ट, फॉस्फेटचं खत, तेही पिशवीत आहेच.

६ जाने.

सगळा डोस एकदम दिला. आमच्याकडे टाकी एकच, आणि जे द्यायचं ते एका टाकीत, एका फेरीत, केळीला तसंच देतात. बारा-एकसष्ट, पोटॅश, वर कॅल्शियम. पाणी ताकासारखं पांढरं झालं. सुरमाबाई म्हणाली, "दूध जैसा हो गया." म्हटलं, होऊ दे, ताकद आहे त्याची.

पा. ३० मि. आता बघू.

१२ जाने.

शेवटच्या ओळी पुन्हा मलूल. पाणी तर रोज देते, घड्याळ लावून देते! नळीला हात लावला तर पाणी पोचतंय की नाही कळेना. मुख्य पाइपावरून काल केळीचा ट्रॅक्टर गेलाय, चाकाच्या खुणा आहेत. दाबला असेल पाइप. कुणी चालवला ट्रॅक्टर? सांगायला नको.

ह्यांना म्हटलं, "तुमचे दादा हात धुऊन माझ्या मागे लागलेत." हे जेवत होते. म्हणाले, "दादाला तुझ्या टमाट्याशिवाय दुसरे धंदे आहेत." ताट उचललं मी समोरचं. अर्धं जेवण होतं त्यात.

१४ जाने.

संक्रांत. सगळ्यांना तिळगूळ दिला. मो.भा.ना दिला नाही. त्यांनी हात पुढे केला होता की नव्हता, मी पाहिलं नाही. पाहिलं होतं. केला होता.

१६ जाने.

सुरमाबाईने आज मल्चिंगचा कागद उचलून नळी वर घेतली. तिला काय सुचलं कोण जाणे. नळी दगडावर आपटली. भोकातून पांढरा चुरा पडला. दुसरी आपटली, तिच्यातूनही.

"बाई, इसमें तो चूना जम गया. पानी कहाँ से जाएगा?"

मी गोणीवरचं वाचलं. उभं राहून, मोठ्याने वाचलं. फॉस्फेट व सल्फेटयुक्त खतांसोबत एकाच टाकीत मिसळू नये. लपवून लिहिलेलं नाही. गोणीच्या पोटावर, चांगलं ठळक.

मिसळलं मी. ढवळलं मी. ताकद आहे म्हटलं मी.

आणि मग बाकीचंही एकेक करून समोर आलं. दुकानदाराने विचारलं होतं, कधी सुकं, कधी ओलं? सहा दिवस कोरडं, मग अडीच तास. कुलूप माझं, चावी माझ्या पर्समध्ये, सकाळचे आठ वाजले होते. वही उघडून मागची पानं बघितली. बाबांसारखं सगळं लिहून ठेवलंय मी. तारखेसकट. स्वतःविरुद्ध.

कुणावर ओरडू? मातीत बसून नळ्या आपटत राहिले.

१७ जाने.

ॲसिड मारावं लागणार नळ्यांना. विहिरीचं पाणी आमचं जड, केळीच्या नळ्या दरवर्षी अशाच धुतात. ते काम घरात एकच माणूस करतो.

दुसरा कुणी मिळतो का म्हणून तीन ठिकाणी फोन केला. एक म्हणाला, पुढच्या आठवड्यात. तोवर तिसरा घोस जळेल.

गेले. केळीत, मो.भा.कडे. पिलं कापत होते. म्हटलं, "नळ्या चोक झाल्यात." बास, एवढंच. माफी नाही मागितली. येत नव्हती तोंडातून.

त्यांनी विचारलंसुद्धा नाही कशाने. "उद्या सकाळी लाइट आली की," म्हणाले.

१८ जाने.

आले. दार म्हणून आमच्या बांधाला काही नाही, तरी बांधापाशी थांबले. मी "या" म्हणेपर्यंत आत आले नाहीत. म्हणावं लागलं मला.

टाकी उघडून बघितली. तळाशी पांढरा थर होता. बोटाने खरवडला, मला दाखवला नाही, स्वतःच बघितला. समजलं त्यांना. चेहऱ्यावरून समजलं की समजलं. पाण्यात ॲसिड थोडं थोडं, हाताला फडकं, तोंडाला फडकं, मला चार हात लांब उभं केलं. नळ्यांत भरून ठेवलं, उद्यापर्यंत. हे सगळं इतकं नेटकं, इतकं बारकाईने! हाच माणूस का युरिया ओतून गेला होता?

जाताना विचारलं मी. राहवलं नाही. "चावी नव्हती तर कुलूप तोडायचं होतं. कुऱ्हाड नव्हती घरात?"

"घरच्या बाईनं लावलेलं कुलूप मी तोडू?" म्हणाले. जसं काही मीच काहीतरी वाईट बोलले.

चिडले मी. तोडायचं होतं. खरंच तोडायचं होतं. झाडं मरू दिली, पण कुलूप नाही तोडलं. हा कुठला मान?

१९ जाने.

नळ्यांची टोकं उघडली. पांढरं पाणी भळभळा आलं, मग गढूळ, मग स्वच्छ. अर्ध्या नळ्या चालू झाल्या. शेवटच्या सात बंदच. त्या बदलायच्या.

मो.भा. प्रत्येक भोकाखाली हात धरून बघत गेले. एक एकर. ओळीओळीने, ओणवं. पन्नाशी ओलांडलेला माणूस.

थँक्यू म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं.

२७ जाने.

पहिला तोडा. अकरा बाया, मी, सगळे. आणि आज नाना स्वतः आले काठी टेकत. पहिल्यांदाच.

लाल फळं क्रेटमध्ये. बूड काळं झालेली बाजूला, ढीग. ढीग वाढत गेला. चांगल्याएवढा झाला. नानांनी त्यातलं एक उचललं, उलटं केलं, बोटाने दाबलं. आणि वळून मो.भा.ना म्हणाले, "हा तुझा हात आहे."

मो.भा. क्रेट उचलत होते, कुणी बोलावलं नसताना आले होते मदतीला. थांबले.

"पहिल्या दिवसापासून पाणी सोड, युरिया सोड! तुले कोणी सांगितलं होतं? माझ्या शब्दानं दिला होता मी एकर, तू त्यात हात घालून घाण केली! घरातल्या पोरीचं पीक बघवलं नाही तुले? मोठा ना तू? लाज वाटत नाही?"

बायांदेखत. क्रेट न्यायला आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरदेखत. नानांचा आवाज आता कापतो, तरी पार रस्त्यापर्यंत गेला.

मो.भा. उभे. मान खाली. त्यांना माहीत आहे. टाकीचा तळ त्यांनीच पाहिलाय. एक शब्द बोलले असते तर झालं असतं. नाही बोलले.

मी पण नाही बोलले. तोंडात मिठाची गुळणी धरून क्रेटमध्ये फळं लावत राहिले. बाबांनी वही दिली ती खरं लिहायला, म्हणून लिहिते. गप्प बसले. एकर वाचतोय म्हणून गप्प बसले.

२८ जाने.

पा. २५ मि. कॅल्शियम एकटं.

मो.भा. आज जेवायला आत आले नाहीत, ताट केळीत मागवलं. नाना मला म्हणाले, "तुझा दोष नाही, बेटा." बेटा! सतरा वर्षांत!

कुणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं.

२९ जाने.

मला कुणाचाच उपकार नको. हे मनात घोळत राहिलं. मो.भा.चा तर नकोच नको. माझ्या चुकीच्या शिव्या त्यांनी का खाव्या? मोठेपणा? की उद्या कुणाजवळ तरी बोलून दाखवायला? सहनच होईना. सकाळी चहाला नाना ओट्यावर होते, हे होते, मो.भा. म्हशीपाशी. सगळे ऐकतील अशा आवाजात म्हटलं:

"नाना, फळं मी घालवली. कुलूप लावून चावी माहेरी नेली, सहा दिवस पाणी नाही. खत मीच एका टाकीत मिसळलं. भाऊजींनी तर नळ्या धुऊन दिल्या."

ह्यांच्या हातातला कप कलला. नाना माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू, एकेक विचारलं. "कुलूप तू?" हो. "चावी तू?" हो. "खत तू?" हो. "आन् परवा मी त्याले बोललो तवा तू तिथंच होती?"

हो.

चहा संपवला. "मृगाले वेळ आहे अजून," म्हणाले आणि काठी घेऊन गेले. म्हणजे काय? देणार की नाही देणार? बोलायचं ते सरळ का बोलत नाहीत या घरात माणसं!

३० जाने.

वाटलं होतं, आता तरी मो.भा.चा चेहरा सैल होईल. बघा काय झालं ते.

वॉल उघडायला गेले तर तिथेच उभे. लाल झालेले. इतके चिडलेले कधी पाहिले नव्हते, कुलपाच्या दिवशीही नाही, मी बायांदेखत बोलले तेव्हाही नाही.

"कोणी सांगितलं होतं तुले बोलायले?"

मी म्हटलं, "खरं होतं ते."

"खरं! मी बापाच्या शिव्या खाल्ल्या चार लोकांत. पन्नाशी पार केलेला माणूस. का खाल्ल्या? एकर तुझ्याकडे राहावा म्हणून खाल्ल्या. माझा युरिया होताच ना त्यात? होता. माझं पाणी होतं ना? होतं. मंग निम्मं माझंच होतं. सगळं घेतलं अंगावर, होऊन गेलं होतं! आन् तू तिसऱ्या दिवशी उठून सगळं सांडून आली! एकर पण घालवला आन् माझ्या शिव्या पण फुकट घालवल्या!"

"मी मागितलं होतं का तुम्हाला?" मीही ओरडले. "पाणी मागितलं नव्हतं, युरिया मागितला नव्हता, हेही नव्हतं मागितलं! मला एकदा विचारा ना! एकदा तरी आधी विचारा!"

सुरमाबाई क्रेट डोक्यावर घेऊन तशीच उभी, पुढे यावं की मागे जावं कळेना तिला.

मग ते केळीकडे निघाले. दहा पावलं गेले, वळले नाहीत, तिकडे तोंड करूनच म्हणाले, "शेवटच्या सात नळ्या बदलायच्या आहेत. आज बदलू का?"

विचारलं. पहिल्यांदा विचारलं.

आणि मला इतका राग आला होता, इतकं रडू येत होतं, की हो म्हणता आलं नाही. नुसता हात हलवला. त्यांची तर पाठ होती माझ्याकडे. बघितला की नाही, माहीत नाही.

दुपार झाली आहे. नव्या नळ्या अजून बांधावर पडल्या आहेत.